करड्या रेघेचं नाव

हुडकेश्वर, नागपूर
९ जानेवारी २०२५

प्रिय अंकुशदादा,

सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईची साखर ताब्यात आहे, गुडघे मात्र ताब्यात नाहीत. तू कसा आहेस हे थेट विचारायची सोय तू ठेवली नाहीस. फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. म्हणून शेवटी कागद घेतला. कुरिअरवाला मला म्हणे, "खाप्याले पत्र? फोन करा ना ताई, कशाले पैसे घालवता?" त्याला काय सांगणार, कप्पाळ?

रविवारी मी खाप्याला येऊन गेले हे तुला माहीत आहे. मी सावनेरहून बस बदलून, धूळ खात, नत्थूकाकांच्या दारात पोचले तर काकू म्हणाली, "आताच तर होता वं इथं." ओट्यावर तुझा चहा होता. मी कपाला हात लावून बघितला, गरम होता. चपलाही दारातच होत्या. म्हणजे माझा आवाज ऐकून तू मागच्या दाराने अनवाणी नदीकडे पळालास. चौतिसाव्या वर्षी, सख्ख्या धाकट्या बहिणीला भिऊन! मी संध्याकाळच्या शेवटच्या बसपर्यंत बसून होते. काकांनी जाताना मला पिशवीभर संत्री दिली आणि म्हणाले, "अंकुशलेही रोज देतो, रक्त वाढते." मी तिथेच त्यांच्याशी भांडले. दादा, संत्री खायची नाहीत. तुझ्या आजारात त्यातलं पोटॅशियम विष आहे. डॉक्टरांनी हे तुझ्यासमोर सांगितलं होतं, तू मान हलवली होतीस.

आता थोडं माझ्या कामाचं. तुला ते कधी समजलं नाही. "पायल दिवसभर रेघोट्या काढते आणि पगार घेते," असं तू सगळ्या गल्लीला सांगायचास. तर त्या रेघोट्यांचंच सांगते.

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात सध्या गार्गी मॅडमच्या अभ्यासाचं काम चालू आहे. त्या किडनीच्या डॉक्टर, तुझ्याही डॉक्टर. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेशंटची एक रेघ काढायची. किडनी किती काम करते याचा आकडा महिन्यामहिन्याला मांडायचा आणि जोडत जायचा. रेघ सपाट चालली तर बरं, खाली उतरली तर वाईट. नावं नसतात, नुसते नंबर. पेशंटचे तीन गट आहेत. नियमित येणारे हिरवे, अधूनमधून येणारे नारिंगी आणि उपचार सोडून गेलेले करडे. कोणता रंग कोणाचा हे सांगणारी एक चौकट चित्राच्या बाजूला असते. तिला आम्ही लेजंड म्हणतो.

या चौकटीने माझा आठवडा खाल्ला. प्रोग्रामला स्वतःची अक्कल नसते. मी सगळ्या रेघा ओळीने काढायला सांगितल्या, तर त्याने चौकटीत प्रत्येक रेघेसाठी नाव लिहिलं. नियमित, नियमित, नियमित, थेट पानाबाहेर जाईपर्यंत. लग्नातल्या आहेराची यादी वाचल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, "पायल, मला तीन गटांची तीन नावं पाहिजेत, सगळी जनगणना नको." मग युक्ती सापडली. गटातल्या एकाच रेघेला नाव द्यायचं. बाकीच्यांच्या नावाआधी अंडरस्कोअर टाकायचा, म्हणजे अक्षराच्या पायाशी असते ती आडवी रेघ. ती दिसली की चौकट त्या नावाला वगळते. मी प्रत्येक गटातला पहिला नंबर घेतला आणि गटाचं नाव त्याच्या गळ्यात घातलं. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत होते, म्हणून फॉन्ट बदलला. चौकट उजवीकडे बाहेर काढली. मॅडम खूश झाल्या.

नंबरावरून माणूस ओळखायचा नसतो, तसं लिहून दिलंय आम्ही. पण एक करडी रेघ दर मे महिन्यात धडकन खाली येते. कूलरच्या सीझनमध्ये. पाठीवर कूलर घेऊन चार-चार मजले चढायचे, दिवसभर पाणी प्यायचं नाही आणि पाठ दुखली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खायची. अशी रेघ काढणारा माणूस मला नागपुरात एकच माहीत आहे. ती दिवाळीपाशी तुटते. आणि करड्या गटात ती सगळ्यांत पहिली आहे, म्हणून "उपचार सोडून गेलेले" हे नाव तिच्याच गळ्यात आहे.

मी तुला रागवत नाही. तू का गेलास हेही मी विचारत नाही. एकदा येऊन फक्त रक्त तपासून जा. त्या दिवशी मी दुसरा कुठलाही विषय काढणार नाही, आईची शपथ.

तुझी धाकटी,
पायल


हुडकेश्वर, नागपूर
३१ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम.

नत्थूकाकांचा फोन आला होता. तू पत्र वाचलंस, घडी करून उशीखाली ठेवलंस आणि जेवला नाहीस, एवढं कळलं. उत्तर नाही. ठीक आहे, मीच लिहिते.

काका असंही म्हणाले की तुझे पाय सुजलेत आणि तू लुंगी लांब सोडून ते झाकतोस. "मले वाटलं थंडीनं असंन," असं म्हणत होते बिचारे. थंडीने पाय सुजत नाहीत दादा, आणि हे त्यांना नाही तरी तुला पक्कं माहीत आहे.

ऑफिसात एक प्रकार झाला. तो तुला सांगायचा नव्हता, पण आता लपवून काय उपयोग?

मंगळवारी मॅडमना अहवालाचं चित्र दाखवायचं होतं. आदल्या दुपारी मी शेवटचा हात फिरवत होते. सारखी नजर त्या एका करड्या रेघेवर जायची. उठून पाणी पिऊन यायचे, बसायचे, परत तीच. मला ती करडी बघवेना. काय झालं कोण जाणे, मी तुझ्या नंबरासमोरचा गट पुसला आणि तिथे "नियमित" लिहिलं. चित्र परत काढलं. तुझी रेघ हिरवी झाली. दादा, मी किती वेळ तिच्याकडे बघत बसले असेन! तू रोज गोळ्या घेतोस, महिन्याला येतोस, वजनकाट्यावर उभा राहून नर्सशी हुज्जत घालतोस, असं सगळं खरंच चालू आहे असं वाटलं. एक दिवस ठेवीन, उद्या सकाळी मूळ गट परत टाकीन, असं स्वतःला सांगून मी घरी आले. सकाळी आईचं ब्लडप्रेशर चढलं, पोचायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा चित्र भिंतीवर लागलेलं होतं.

श्रीधर म्हणून माझ्या शेजारी बसतो. तोच आधी बोलला. "मॅडम, लेजंडमध्ये दोन हिरव्या दिसतात." सगळे बघायला लागले. चौकटीत वर हिरवी रेघ, तिच्यापुढे "नियमित". मग नारिंगी, तिच्यापुढे "अधूनमधून". आणि खाली पुन्हा हिरवी, तिच्यापुढे "उपचार सोडून गेलेले". चित्रात करड्या रेघा तर तशाच होत्या, पण त्यांना नाव सांगणारं चौकटीत काहीच उरलं नव्हतं.

कारण असं की रंग येतो गटावरून, आणि नाव मी हाताने नंबराला बांधलं होतं. गट बदलला, रंग बदलला. नाव तुझ्या गळ्यातून काढायचं मी विसरले. मी तुला हिरव्यांत नेऊन बसवलं आणि तू तिथेही "सोडून गेलेला" अशी पाटी घेऊन बसलास.

श्रीधर म्हणाला, टायपिंगची चूक असेल. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. मॅडमनी बाकीच्यांना चहाला पाठवलं. "हा नंबर कोणाचा?" मी म्हणाले, माझ्या भावाचा.

दादा, मला वाटलं होतं त्या पाठीवर हात ठेवतील. त्या भयंकर चिडल्या. "हे चित्र बघून मी उद्या दुसऱ्या कोणाचं औषध ठरवणार आहे, पायल. त्या माणसांना भाऊ-बहीण नाहीत का?" अभ्यासाचं काम माझ्याकडून काढून श्रीधरला दिलं. नोकरी राहिली, ती कशी राहिली ते मला अजून कळलेलं नाही. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी परत बोलावलं आणि तुझी फाईल काढली. तुझा शेवटचा आकडा दाखवून म्हणाल्या, "तो आता हॉस्पिटलबाहेर राहू शकत नाही. शरीरातलं पाणी निघालं नाही की ते छातीत चढतं. त्याला सांगा." मी म्हणाले, तो भेटत नाही. तर म्हणाल्या, "मग दार तोडा."

दार कसलं तोडू? तू दार लावतच नाहीस, मागच्याने निघून जातोस.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू का गेलास ते विचारत नाही. विचारत नाही, कारण मला माहीत आहे. तुला दुसऱ्याची किडनी बसवावी लागणार आणि आईला साखर असल्यामुळे तिची चालत नाही असं कळलं, तेव्हा मी गुपचूप माझी तपासणी करून घेतली. जुळली. तो रिपोर्ट घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू "खाप्यात कूलरचं काम आहे" म्हणून बॅग भरलीस. थंडीच्या तोंडावर कूलरचं काम! आईसुद्धा हसली होती तेव्हा. आता रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज आला की विचारते, "अंकुश येऊन राहिला का वं?" आणि गल्लीतलं कुत्रं असतं.

कामठीच्या स्थळाचं तुझ्या कानावर गेलं असेल तर तेही सांगून टाकते. त्यांनी नकार कळवला, आणि हो, किडनीचं कळल्यावरच कळवला. त्यासाठी तू स्वतःला दोष देत असशील तर कृपा कर. तो मुलगा हॉटेलात बसून फोनवर इतका ओरडून बोलायचा की शेजारच्या टेबलावरच्यांना त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पाठ झालं होतं. मी त्याच्याशी लग्न केलं असतं तर किडनी नाही, कान गेले असते.

विनोद करतेय मी. ये ना रे दादा. मी पाया पडते. पत्र वाचलंस की काकांना फक्त हो म्हण, मी गाडी करून येते. रस्त्याने एक शब्द बोलणार नाही.

पायल


रामदासपेठ, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुझ्या वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. मधे एक भिंत आहे. मी आत आले की तू तोंड दुसरीकडे फिरवतोस, तोंडावर मास्क असला तरी तेवढं तुला जमतं. म्हणून आई जेवणाचा डबा आणेल तिच्या हातून आत पाठवते. ती वाचून दाखवणार नाही, तिला चष्म्यातून पाणीच दिसतं सध्या. तूच वाच.

तुला त्या दिवसाचं काही आठवत नसेल. नत्थूकाकांनी तुला शेजाऱ्याच्या गाडीत घालून इथे आणलं. तू बसल्याजागी बुडत होतास, श्वास लागेना, ओठ निळे. काका सारखे म्हणत होते, "डोळे उघड गा अंकुश, डोळे उघड." मी दारातच उभी होते आणि मला पुढे जाता येईना. मानेत नळी घालून तुझं डायलिसिस केलं. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय मागितलंस, तर डिस्चार्ज. सिस्टरने मला बोलावून सांगितलं, "तुमचे भाऊ म्हणतात डायलिसिसही नको आणि काहीच नको, सही करून घरी जातो."

मी जिन्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. खरोखर आपटलं, अजून दुखतंय.

काल श्रीधर इथे आला होता. त्याला चित्र पूर्ण करायचंय आणि तुझा आकडा परत आलाय. तुटलेली रेघ पुढे सुरू झालीय, खूप खालून. ती आता करडी ठेवता येत नाही, तू उपचार सोडून गेलेला नाहीस. हिरवी करता येत नाही, नारिंगीही नाही. त्याने मॅडमना विचारलं की हिला नवा रंग देऊ का, लेजंडमध्ये चौथं नाव टाकू का. मॅडम म्हणाल्या, तो पेशंट अजून घरी जायचं म्हणतोय, थोडं थांब. म्हणून तुझी रेघ सध्या चित्रातून काढून ठेवलीय. श्रीधरने हे अगदी साधेपणाने सांगितलं, त्याच्या मनात काही नव्हतं. मी त्याला चहा पाजून पाठवलं.

आता ते लिहिते जे दोन्ही पत्रांत लिहिलं नाही.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी मोरीत नळ सोडून रडत होते. आई आली, म्हणाली, "काहून रडून राहिली वं?" मी म्हणाले, "मले भीती वाटते आई. मले नाही होणार हे." तू बाहेर सायकलीला टेकून उभा होतास. मला तुझी सावली दिसली होती. मी गेल्या तीन महिन्यांत स्वतःला हजार वेळा सांगितलं की तू ऐकलं नसशील, किंवा अर्धवट ऐकलं असशील. पण तू सगळं ऐकलंस आणि बरोबर ऐकलंस. मी तेच म्हणाले होते.

मला भीती वाटते. आजही वाटते, हे लिहिताना वाटते. मला सुई टोचली तरी चक्कर येते, तुला माहीत आहे. पोट कापणार, आतून काहीतरी काढणार, शुद्ध आलीच नाही तर काय, पुढे मला मूल झालं तर काय, उरलेली एक बिघडली तर काय. सगळ्या प्रश्नांना मॅडमनी शांतपणे उत्तरं दिली आणि तरी भीती गेली नाही. ती जाणार नाही असं दिसतंय. तिला घेऊनच मला टेबलावर झोपावं लागणार.

पण तू काय केलंस? मी घाबरले म्हणून तू मला सोडवायला निघालास. मला न विचारता! तुला वाटलं तू नसलास की माझी सुटका होईल. दादा, तू खाप्यात होतास तेव्हा मला ऑपरेशनची भीती एकदाही वाटली नाही. तिला जागाच नव्हती. फोन वाजला की तो काकांचा असेल आणि ते ती एकच गोष्ट सांगतील, एवढंच वाटायचं. रस्त्यात, ऑफिसात, भाजी घेताना. ती भीती ऑपरेशनच्या भीतीपेक्षा फार वाईट होती. मला माझी साधी, सुईची, कापाकापीची भीती परत दे. ती मला पेलते.

उद्या सकाळी हॉस्पिटलच्या समुपदेशक शोभाताई येतील. दाता आणि घेणारा, दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, तसा कायदाच आहे. मला विचारतील की कोणी जबरदस्ती केली का. मी खरं सांगेन, की जबरदस्ती झाली, पण ती देऊ नको म्हणून झाली आणि माझ्या भावाने केली. तुला विचारतील की डायलिसिस चालू ठेवायचं का, आणि तब्येत सावरली की बहिणीची किडनी घ्यायला तयार आहात का. तेव्हा खोलीत मी नसेन, आई नसेल, कोणी नसेल. तू नाही म्हणालास तर कोणी तुझा हात धरू शकत नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकाला धरून बसले होते तेव्हा तू काय केलंस, असल्या कशाची आठवण करून द्यायला मी बसलेली नाही. मला आत्ताचं सांगायचंय. माझी भीती कोणापुढे काढू? आईपुढे काढली तर ती कोसळते. मॅडमपुढे काढली तर त्या आकडे सांगतात. घाबरलेल्या बहिणीशेजारी बसून "चूप बस, काही होत नाही" असं खोटं बोलायला मला भाऊ लागतो. मला ऑपरेशनच्या खोलीत एकटीला जायचं नाही. शेजारच्या टेबलावर तू पाहिजेस.

सकाळपासून मी इथेच बाकावर आहे. तू नाही म्हणालास तरी इथेच असेन, कारण मला दुसरीकडे कुठे जायचं ते माहीत नाही.

हो म्हण, दादा.

भ्यालेली,
तुझी पायल